उंची किमान पाच फूट सहा इंच

"पाच फूट सहा," घारेकाका म्हणाले. "त्याच्याखाली अर्धा इंचही चालणार नाही. लाल अक्षरात येऊ दे."

"वराला की वधूला?" मी विचारलं.

"सगळ्यांना. नियम म्हणजे नियम. मुलगा-मुलगी असा भेदभाव मी करत नाही."

"काका, समाजातल्या बहुतेक मुली बाद होतील."

"होऊ देत."

वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मबद्दल खुद्द मंडळाचा अध्यक्ष असं बोलायला लागला, की शहाण्या माणसानं लॅपटॉप मिटून घरी जावं. पण मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि हे माझं पहिलंच काम होतं. मी अट लिहिली. उंची कमी भरली की चौकटीला लाल कड, आणि खाली सूचना.

"सूचनेत काय लिहू? 'उंची चुकीची'?"

"छे, छे. नुसतं 'चूक' म्हणून माणसाला हाकलायचं नाही. काय चुकलं आणि काय पाहिजे होतं, स्पष्ट सांगायचं. गाडीतून उतरवलेल्या माणसालासुद्धा कारण द्यावं लागतं."

कोपऱ्यातल्या खुर्चीत डुलक्या काढणाऱ्या मामानं एक डोळा उघडला. "आणि 'कृपया' लिही, तन्म्या. आमच्या शिरवंड्याची माणसं मानी आहेत."

मी लिहिलं: 'कृपया आपली उंची किमान पाच फूट सहा इंच असावी.'

आमचं पंचग्राम ज्ञाती हितवर्धक मंडळ कऱ्हाडात एका पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर भरतं. पाच गावांचा समाज, म्हणून पंचग्राम. त्यातलं शिरवंडे धरणात बुडालं त्याला जमाना झाला. पण घटनेत गावं पाच लिहिलीत, त्यामुळे शिरवंड्याचा प्रतिनिधी दर वेळी निवडून येतो. तो माझा मामा. पाण्याखालच्या मतदारसंघातून बिनविरोध. मला हे काम मिळालं ते माझ्या गुणवत्तेवर. मामाला दोन भाचे, त्यातल्या एकाकडे लॅपटॉप, तो मी.

ऑनलाइन फॉर्मची कल्पना घारेकाकांची होती. त्याआधी कागदी फॉर्म यायचे आणि लोक त्यात साहित्य लिहायचे. उंची: मध्यम. रंग: उन्हात गेला नाही तर गोरा. पगार: देवाच्या दयेनं. एका आईनं मुलाच्या 'अपेक्षा' या रकान्यात स्वतःच्या अपेक्षा लिहिल्या होत्या. जागा पुरली नाही म्हणून ती कागदाच्या मागच्या बाजूला गेली आणि तिथं गुडघेदुखीपर्यंत पोचली.

यावर जावास्क्रिप्टकडे सोपा उपाय आहे. माणूस 'पाठवा' हे बटण दाबतो, आणि फॉर्म निघायच्या आत स्क्रिप्ट त्याला दारातच अडवते. एकेक रकाना बघते, चुकेल त्याखाली लाल ओळ लिहिते आणि माणसाला म्हणते, नीट भर, मग जा. पहिल्या दिवशी मी हे घारेकाकांना करून दाखवलं. मोबाईल नंबरात मुद्दाम एक आकडा कमी टाकला आणि बटण दाबलं. फॉर्म जागचा हलला नाही.

घारेकाकांचे डोळे भरून आले.

त्यांनी उभी हयात एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढली होती. कुठल्या तरी फाट्यावर झाडाआड उभं राहायचं, गाडी थांबवायची, आत चढायचं आणि झोपेचं सोंग घेतलेला माणूस बरोबर हुडकायचा. जिल्ह्यातले कंडक्टर त्यांच्या नावानं मुलांना झोपवत असत म्हणे.

"म्हणजे हा गाडी सुटायच्या आधीच तपासतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला."

"आणि ओळखीच्याला सोडत नाही?"

"त्याच्या ओळखीचं कुणी नसतंच, काका."

"देवमाणूस आहे," घारेकाका म्हणाले.

तेव्हापासून ते रोज एक नियम घेऊन यायचे. सांगताना माझ्याकडे बघायचे नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघायचे. भिंतीवर मंडळाच्या यशस्वी जोडप्यांचे फोटो होते आणि वर पाटी: 'जुळलेली लग्ने २१२'.

"हनुवटीवर तीळ आहे का, असा रकाना कर. असला तर अर्ज थांबव."

"तीळ असला तर लग्न करायचं नाही?"

"शास्त्रात आहे."

"काका, तुम्ही शास्त्र मानत नाही."

"समाज मानतो."

दुसऱ्या दिवशी डावखुरे गेले. मग भावंडांवर गदा आली. भाऊ एक चालेल, तीन चालतील, नेमके दोन नकोत. मग रक्तगट: एबी निगेटिव्ह बाद. असा माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता, त्यामुळे तो नियम मी निर्धास्तपणे लिहिला. मग छंदांची पाळी आली.

"बासरी वाजवणाऱ्याला अडव."

"बासरीनं काय घोडं मारलंय?"

"नुसतं फुंकत बसतात."

"पेटी?"

"चालेल."

"सनई?"

घारेकाकांनी विचार केला. "सनई लग्नाला लागते. राहू दे."

नोकरीच्या रकान्यात ऑफिसचा लँडलाइन नंबर सक्तीचा झाला. त्यानंतर आला तो रकाना, ज्याच्यापुढे मी हात टेकले: 'आपण कामावर घरचा डबा नेता का?'

"हो म्हटलं तर?"

"अडव."

"डबा नेणं गुन्हा कधीपासून झाला?"

घारेकाका भिंतीकडे बघत राहिले. उत्तर मामानं दिलं, डोळे मिटूनच. "लिही रे. अध्यक्ष आहेत. 'क्षमस्व' घाल सुरुवातीला."

मी लिहिलं: 'क्षमस्व, घरचा डबा नेणाऱ्यांचा अर्ज स्वीकारता येत नाही.'

आता मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत फॉर्मच करतो. तिथं या सगळ्याला यूजर एक्सपिरियन्स म्हणतात आणि त्यावर सगळा दिवस मीटिंगा होतात. पण समोर बसलेल्या माणसाला 'हे तुम्ही कुणासाठी करताय?' असा साधा प्रश्न विचारावा, हे तिथंही कुणाला सुचत नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, निवृत्तीनंतर माणसाला असं होत असावं.

माझ्या बाजूनं मी काम चोख केलं. ब्राउझरमधली स्क्रिप्ट ज्याच्या फोनवर चालते त्याला ती बंदही करता येते, म्हणून तेच सगळे नियम मी सर्व्हरवरही लिहिले. मामाला समजावलं, दारावरच्या माणसाला कुणी चकवलं तर आत आणखी एक उभा. मामानं विचारलं, दोघांना मानधन द्यायचं का? आणि कोण कुठं अडतंय ते कळावं म्हणून प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद ठेवायचीही सोय केली.

रविवारी सकाळी समाजाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिंक गेली. आम्ही तिघं ऑफिसात बसलो होतो. पहिला फोन आला तो मामाला.

"काय म्हणताय? दोन भाऊ आहेत? हो, हो, तो नियमच आहे... नाही हो, कमी कशाला करताय... काकू, क्षमस्व म्हटलंय ना आम्ही त्यात."

दुसरा फोन नाशिकहून. मुलगा सरकारी डॉक्टर, उंची पाच फूट चार. वडील एवढ्या जोरात बोलत होते की फोनची गरज नव्हती. "माझ्या मुलाची मापं काढायला तुम्ही शिंपी आहात का?"

घारेकाकांनी फोन घेतला. "नियम सर्वांना सारखा आहे," म्हणाले आणि ठेवला.

दुपारपर्यंत शंभरावर माणसं अडली. आत एकही अर्ज आला नाही. समाजात उंच, तीळ नसलेली, उजव्या हाताची, कॅन्टीनमध्ये जेवणारी माणसं असतील अशी माझी एक भाबडी समजूत होती. ती असतीलही, पण त्यांची लग्नं झालेली असावीत.

"काका, मेळावा रद्द होईल," मी म्हणालो. "स्टेजवर आपण तिघंच असू. त्यात तुम्ही आणि मामा विवाहित."

"थांब," घारेकाका म्हणाले. ते स्क्रीनसमोरून उठत नव्हते. फाट्यावर झाडाआड उभा राहिलेला माणूस असाच दिसत असेल.

तेवढ्यात त्यांची मुलगी जिना चढून वर आली. वृंदाताई नगरपालिकेत पाणीपट्टी विभागात होत्या. दोनेक वर्षांपासून माहेरीच राहत होत्या. का, ते आमच्या समाजात कुणी विचारत नाही. एकमेकांत बोलतात, पण विचारत नाहीत.

"बाबा, बीपीची गोळी घरीच राहिली तुमची," त्या म्हणाल्या. "आणि जेवायला किती वेळ? तन्मय, तू तरी जेवलास का रे?"

"डबा आणलाय. पण त्यामुळे मी अपात्र आहे."

"म्हणजे?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नियमांची यादी उघडीच होती. वृंदाताई वाचायला लागल्या. उंचीला हसल्या. भावांना तर खुर्चीचा आधार घेऊन हसल्या. बासरीपाशी हसणं थांबलं. मग त्या यादी पुन्हा वरून वाचायला लागल्या, एकेक ओळीवर बोट ठेवून.

"बाबा," त्या म्हणाल्या, "हा प्रफुल्ल आहे."

अशा वेळी गोष्टीत शांतता पसरते. आमच्याकडे खाली गिरणी चालू होती, रविवारची गर्दी, बाजरी पडली होती. त्यामुळे घारेकाका जे काही पुटपुटले ते कुणालाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?" वृंदाताईंनी ओरडून विचारलं.

"नियम सर्वांना सारखा आहे!" घारेकाका ओरडले.

"पाच फूट पाच, हनुवटीवर तीळ, डावखुरा, दोन भाऊ, एबी निगेटिव्ह, बासरी! बाबा, त्याच्या आईनंसुद्धा त्याच्याकडे इतकं बारकाईनं बघितलं नसेल!"

इतकी वर्षं त्या घरात जे कुजबुजतही कुणी बोललं नव्हतं, ते बाजरीच्या कृपेनं दोघांना ओरडून बोलावं लागलं. मी आणि मामा जागचे उठू शकलो नाही. दरवाजा त्यांच्या मागे होता.

गोष्ट अशी होती. प्रफुल्ल हे मंडळानंच सुचवलेलं स्थळ. पुण्यात नोकरी, ती कुठली हे फॉर्मवर लिहिलं होतं, आणि आमच्यात मंडळाच्या स्थळाची वेगळी चौकशी करत नाहीत. केली तर मंडळाचा अपमान होतो. तुमचा आमच्यावर विश्वास नाही का, असं होतं. घारेकाका तेव्हाही कार्यकारिणीत होते, त्यांनी कशी करावी? लग्न झालं. प्रफुल्ल रोज सकाळी वृंदाताईंनी भरून दिलेला डबा घेऊन बाहेर पडायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचा. मधल्या वेळात तो एका बागेत बसून बासरी वाजवायचा. नोकरी नव्हतीच. लग्नाआधीही नव्हती. घर वृंदाताईंच्या तिथल्या नोकरीच्या पगारावर आणि नंतर त्यांच्या पाटल्यांवर चाललं. उघडकीला आलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, "मला कुणी विचारलंच कुठं?"

"सगळ्या जिल्ह्याची तिकिटं तपासली मी," घारेकाका म्हणाले. ओरडायचं विसरले होते, पण आम्हाला ऐकू आलं. "पास काढून दाखवा म्हणून आमदारालासुद्धा सांगितलंय. आणि जावयाला विचारायला लाजलो."

"बरं, मग आता?"

"आता तो पुन्हा नाव घालतोय म्हणून कळलं. अविवाहित म्हणून."

"अविवाहित कसा?" मी म्हणालो. "घटस्फोट झालाय ना?"

मामानं घसा साफ केला. "झालाय. पण मंडळात नाही झाला."

"म्हणजे?"

"मंडळानं जुळवलेलं लग्न मोडत नाही. घटनेत तशी तरतूदच नाही." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. तिसऱ्या ओळीत वृंदाताई होत्या, हिरवा शालू, आणि शेजारी हनुवटीवर तीळ असलेला एक हसरा गृहस्थ. "मोडलं म्हटलं तर फोटो उतरवावा लागतो. मग दोनशे बाराचे दोनशे अकरा. पाटी रंगवावी लागणार. लोक विचारणार, का रंगवली."

म्हणजे तो माणूस भिंतीवर विवाहित राहून स्क्रीनवर अविवाहित होऊ शकत होता, आणि मंडळाला दोन्ही मान्य होतं.

"मग सरळ त्याचं नावच अडवायचं ना, काका. एका ओळीचं काम."

घारेकाकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यांना दुखावल्यासारखं झालं होतं. "एका माणसासाठी नियम नसतो करायचा. नियम सगळ्या गाडीला लागतो."

त्याच वेळी लॅपटॉपनं टिंग केलं. दिवसातला पहिला अर्ज आत आला होता.

मी उघडला. सगळे रकाने हिरवे. उंची पाच फूट सहा. तीळ नाही. उजव्या हाताचा. भाऊ तीन. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. छंद पेटी. डबा नेत नाही. ऑफिसचा लँडलाइन होता. वैवाहिक स्थिती अविवाहित. आणि वर नाव.

मी फसलेल्या प्रयत्नांची नोंद उघडली. मला तेवढंच करता येत होतं. पहिल्या प्रयत्नात उंची पाच फूट पाच. आमच्या फॉर्मनं त्याला 'कृपया' म्हणून सांगितलं, किमान पाच फूट सहा पाहिजे. गडी लगेच वाढला. फॉर्म म्हणाला, क्षमस्व, भाऊ दोन नसावेत. त्याच्या आईला त्या वयात तिसरा झाला. फॉर्मनं तीळ दाखवला, त्यानं तीळ काढला. हात बदलला. रक्त बदललं. बासरीची पेटी झाली. आम्ही एकेक पायरी नम्रपणे दाखवत गेलो आणि तो चढत गेला. शंभर खरी माणसं 'आम्ही बुटके तर बुटके' म्हणून घरी गेली, आणि ज्याच्यासाठी दार बांधलं तो एकटा आत आला.

"आणखी एक रकाना टाक," घारेकाका म्हणाले. "वरील माहिती खरी आहे का, असा."

"तो 'हो' लिहील, काका."

"सक्तीचा कर."

"सक्तीनं 'हो' लिहील."

घारेकाका खुर्चीत मागे टेकले. वृंदाताईंनी गोळीची पट्टी त्यांच्या हातात दिली, पाण्याची बाटली उघडून दिली, त्यांनी गोळी गिळली ते बघितलं, आणि मग मला म्हणाल्या, "ऊठ जरा."

मी उठलो. त्या माझ्या जागी बसल्या आणि फॉर्म उघडून भरायला लागल्या. नाव. वृंदा मधुकर घारे. जन्मतारीख. मूळ गाव.

"वृंदा, काय करतेस?" मामानं विचारलं.

"नाव घालतेय मेळाव्याला. पाचांतल्या एका गावची आहे ना मी? तन्मय, वैवाहिक स्थितीत फक्त अविवाहित आणि विधवा-विधुर आहे. तिसरं कुठाय?"

"आपल्यात तिसरं होत नाही," मामा म्हणाला.

"मी काय आहे मग?"

मामानं भिंतीकडे बघितलं. भिंतीवरून काही मदत आली नाही.

"मामा, या अर्जांची पुस्तिका छापून हजार घरांत जाणार आहे," वृंदाताई म्हणाल्या. "त्यात त्याचं नाव असणार. कुणातरी मुलीचा बाप ते वाचणार. उंची बरोबर, पगार बरोबर, मंडळाचं स्थळ. तो चौकशी करणार आहे का?"

मामाला स्वतःला लग्नाची मुलगी होती.

"तन्मय, 'घटस्फोटित' टाक. आणि ते निवडलं की खाली एक रकाना उघडू दे, पूर्वीच्या जोडीदाराचं नाव. सक्तीचा."

मी घारेकाकांकडे बघितलं. अध्यक्ष ते होते. पण ते मुलीकडे बघत होते.

"छापून येईल, बाई," ते म्हणाले. "सगळ्यांना कळेल. तुला चालणार आहे का?"

"मला दोन वर्षं चालतंय, बाबा. लपवायचं तुम्हाला होतं."

घारेकाकांनी बाटलीचं झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं. मग लावलं.

"टाक," ते मला म्हणाले.

मी टाकलं. वृंदाताईंनी निवडलं, नाव लिहिलं, 'पाठवा' दाबलं, आणि माझी स्क्रिप्ट इमानेइतबारे कामाला लागली. सगळा फॉर्म लाल झाला.

"कृपया आपली उंची किमान पाच फूट सहा इंच असावी," वृंदाताईंनी वाचलं. "मी पाच एक आहे. बाबा?"

"काढ," घारेकाका म्हणाले.

मी नियम काढला.

"क्षमस्व, भाऊ दोन नसावेत. माझे दोन्ही भाऊ ठेवू का?"

"काढ."

"ऑफिसचा लँडलाइन. पालिकेचा गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे."

"काढ."

"क्षमस्व, घरचा डबा नेणाऱ्यांचा अर्ज स्वीकारता येत नाही." इथं त्या थांबल्या. "मी नेते. रोज."

घारेकाकांना हे माहीत होतं. सकाळी स्वयंपाकघरात त्यांचा चहा व्हायचा तेव्हा शेजारीच तो डबा भरला जात असणार.

"काढ," ते म्हणाले. "बाकीचे सगळेच काढ. मोबाईल नंबराचा तेवढा ठेव. दहा आकडे लागतातच."

मी सगळं काढलं. दिवसेंदिवस लिहिलेलं काम पुसायला अर्धं मिनिट लागलं. मामा हळहळला, त्यातली 'कृपया' आणि 'क्षमस्व' त्याची होती.

शेवटी उरला 'अपेक्षा' हा रकाना. वृंदाताईंनी तो न थांबता लिहिला, डोक्यात आधीपासून तयार असल्यासारखा:

'लग्न करायचे नाही. पूर्वीच्या जोडीदाराबद्दल माहिती हवी असल्यास फोन करावा. खरे सांगितले जाईल. स्थळ मंडळाचे असले तरी चौकशी करावी.'

"हे नाही छापता येणार," मामा म्हणाला. "मंडळाच्याच पुस्तिकेत मंडळाची चौकशी?"

"लाटे," घारेकाका मामाला म्हणाले, "तुमची धाकटी यंदा मेळाव्यात आहे ना?"

मामानं पुन्हा डोळे मिटले. या वेळी झोप येत नव्हती हे कळत होतं. "शुद्धलेखन तेवढं बघून घ्या," तो म्हणाला.

संपर्कासाठी पालकांचा मोबाईल, असा एक रकाना होता. त्यात वृंदाताईंनी वडिलांचा नंबर घातला.

"माझा?" घारेकाका म्हणाले.

"मी दिवसभर पाणीपट्टी घेत असते. आणि लोक बाईशी नीट बोलत नाहीत, बापाशी बोलतात."

त्या बटण दाबणार तेवढ्यात घारेकाका म्हणाले, "थांब." उठले, चष्मा पुसला, आणि स्क्रीनवर बोट ठेवून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. नाव वाचलं. घटस्फोटित वाचलं. त्या नावावर बोट थोडं जास्त थांबलं. मग खाली गेलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सोड."

नियम गेल्यावर अडलेले अर्ज भराभर आत आले, पुस्तिका छापून झाली, टपालानं गेली. मंडळाची विशेष सभा बोलावण्यात आली, आणि तिला गणपूर्तीअभावी कुणी आलं नाही. सगळे घरी बसून पुस्तिका वाचत असावेत. प्रफुल्लनं मला मेसेज करून अर्ज मागे कसा घ्यायचा असं विचारलं. मी त्याला कळवलं की तशी सोय फॉर्ममध्ये नाही. कृपया आणि क्षमस्व दोन्ही घातलं.

पहिला फोन आला तेव्हा मी घारेकाकांच्या घरी होतो, त्यांच्या फोनवर आवाज फार बारीक येतो म्हणून तो बघायला. संध्याकाळची वेळ, वृंदाताई पालिकेतून येऊन चपला काढत होत्या. अनोळखी नंबर. मी स्पीकर चालू करून फोन काकांच्या हातात दिला.

पलीकडे कुणी सुरतेचे गृहस्थ होते. आधी प्रकृती विचारली. मग कऱ्हाडातलं हवामान. मग धरणात पाणी किती आहे. घारेकाकांनी सगळ्याची उत्तरं दिली.

"त्याचं काय आहे," गृहस्थ शेवटी म्हणाले, "माझ्या पुतणीला एक स्थळ सांगून आलंय. पसंती झाल्यासारखी आहे. मंडळाचंच आहे, तेव्हा तसं विचारायचं कारण नाही. पण पुस्तिकेत तुमचं वाचलं. आणि... हे मंडळाच्या कानावर गेलं तर बरं दिसणार नाही. तेवढं आपल्यातच राहू द्या."

"मंडळाचा अध्यक्ष मीच आहे," घारेकाका म्हणाले. "विचारा."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"नोकरी आहे का हो त्याला?"

वृंदाताई एक चप्पल हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. घारेकाकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, भिंतीकडेही बघितलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "पुढचं विचारा."